तापकीर गल्लीतल्या दादांना, पेन ड्राइव्हवाल्या काकूंकडून

दादा, नमस्कार.

तुमच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं नाव कुठे लिहू नका, असं तुम्ही बजावलं होतंत. "नाव टाकलंत काकू, तर उद्यापासून सगळे फुकट सल्ला घ्यायला जिना चढतील." म्हणून नाव नाही. पण आभार मानू नका असं काही म्हणाला नव्हतात. तेव्हा पुण्याच्या बुधवार पेठेतला एक अंधारा जिना, एवढ्याच पत्त्यावर हे पत्र.

त्या दिवशी मी घरची सगळी हकीकत सांगायला बसले होते, आणि तुम्ही मध्येच "फाइल आणलीय का?" असं विचारून ती तोडलीत. ती आज पुरी करते.

गेल्या वर्षी आईची पंचाहत्तरी केली. पंचाहत्तर दिव्यांचं औक्षण झालं तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. समोर नुसता पिवळा धूर दिसत होता, असं ती नंतर म्हणाली. माझा भाचा अमेरिकेहून आला होता, त्याने सगळा कार्यक्रम आयफोनवर घेतला. पुढे आईची दोन्ही ऑपरेशनं झाली आणि पट्टी सुटल्यावर तिची पहिली फर्माईश: "आता दाखव, कोण कोण आलं होतं ते."

दाखवणार कसं? आमचा कॉम्प्युटर २०११ चा. गुरुजींचे मंत्र पुढे आणि चित्र मागे. भाषणं कशीबशी निभावायची, पण नेमकं औक्षण सुरू झालं की आईच्या चेहऱ्यावर राखाडी डाग पसरायचे आणि ताम्हन हवेतच लटकून राहायचं. आई म्हणायची, "डोळे परत गेले की काय माझे!"

मग मी खर्चाला लागले. एके ठिकाणी (ते दुकान तुमच्या गल्लीत नाही, काळजी नको) सांगितलं, रॅम कमी आहे. चारची आठ जीबी केली. मग म्हणाले, हार्ड डिस्क जुनी आहे, एसएसडी टाका. टाकली. कॉम्प्युटर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू व्हायला लागला आणि व्हिडिओ तिथेच अडकायला लागला. शेवटी "दोन जीबीचं ग्राफिक कार्ड" घातलं. दोन जीबी हा आकडा असा काही उच्चारला होता की मला पुढे विचारायची लाजच वाटली. ताम्हन तरीही हवेतच. कार्ड परत घ्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा आमच्या ह्यांनी कुठूनतरी ऐकून मला तुमच्याकडे धाडलं.

तुम्ही बजेट विचारलं नाहीत. पेन ड्राइव्ह स्वतःच्या मशीनला लावलात, व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्रॅममध्ये कोडेकची, म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीने साठवलाय त्याची, माहिती उघडलीत आणि पडदा माझ्याकडे फिरवलात. एचईव्हीसी, ३८४० बाय २१६० म्हणजे फोर-के, सेकंदाला ६० चित्रं, १० बिट. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत, "घरात मोडीतले जुने कागद आहेत का?"

आहेत ना! आजोबांच्या ट्रंकेत आहेत. म्हणून तर तुमचं पुढचं बोलणं मला असं लख्ख कळलं.

फोन व्हिडिओ जसाच्या तसा ठेवत नाही, दाबून, आखडून लिहितो. त्या लिहिण्याच्या लिप्या आहेत. एच.२६४ ही २००३ सालची, ती आमच्या मशीनला येते. म्हणूनच जुने व्हिडिओ नीट चालायचे. एचईव्हीसी ठरली २०१३ मध्ये. "तुमचं मशीन २०११ चं. त्याला ही मोडी येणार कुठून?" लिपी येणाऱ्या चिपमध्ये ती वाचायलाच एक वेगळा कप्पा असतो, तो झरझर वाचून मोकळा होतो. तो नसेल तर बिचारा प्रोसेसर एकेक अक्षर लावत बसतो. आणि बसायला वेळ कुठे आहे? एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके, अशी सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपके. त्यात पंचाहत्तर ज्योती लवलवतायत, वरून अक्षता पडतायत. मागच्या चित्रातलं पुढच्यात उचलावं असं फारसं उरतच नाही, बरंचसं नव्यानं लिहिलेलं. म्हणून भाषणं चालायची आणि औक्षण अडायचं.

माझ्या तिन्ही खरेद्यांचा निकाल तुम्ही त्याच मोडीवर लावलात. रॅम म्हणजे वाचायचं टेबल मोठं केलं. एसएसडी म्हणजे कागद कपाटातून लवकर काढला. पण असल्या व्हिडिओला सेकंदाला दहा एमबीसुद्धा लागत नाहीत, आणि जुनी हार्ड डिस्कही शंभराच्या आसपास देते, तेव्हा कपाटाचा दोष नव्हताच. आणि कार्ड? त्यातली चिप एचईव्हीसीच्या आधीच्या घराण्यातली निघाली. "शेजारी आणखी एक माणूस आणून बसवलात काकू, आणि त्यालाही मोडी येत नाही!" मी इतकी हसले की खाली चहावाला वर बघायला लागला. साडेचार हजार रुपयांचं हसू होतं ते.

इथे तुम्ही मला काहीही विकू शकला असतात. मी घ्यायच्या तयारीनेच आले होते. तुम्ही उलट विचारलंत, बघणार कशावर? आमचा टीव्ही चाळीस इंची, साधा फुल एचडी, पेन ड्राइव्हवरचा हा व्हिडिओ त्यालाही उघडत नाही. "मग फोर-के हवंय कशाला?" असं म्हणून तुम्ही तिथल्या तिथे हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅमवर फाइल जुन्या लिपीत उतरवून दिलीत, फुल एचडीमध्ये. चहा होईपर्यंत काम झालं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्याच संध्याकाळी, त्याच जुन्या कॉम्प्युटरवर आईने औक्षण पाहिलं. मी तिच्याकडे बघत होते, त्यामुळे व्हिडिओ कसा चालला ते मला फारसं आठवत नाही.

नवीन मशीनसाठी मी नंतर आले ते भाच्यामुळे. तो दर आठवड्याला नातीचे व्हिडिओ धाडतो, ते दर वेळी कोण उतरवून देणार? तेव्हाही तुम्ही नवं कोरं पुढे केलं नाहीत. कंपन्यांमधून बाहेर पडलेली छोटी डेस्कटॉप दाखवलीत, पुस्तकाएवढी. आणि पिढ्यांचा हिशेब सांगितलात, तो मी तेव्हा पावतीच्या मागे लिहून घेतला होता. इंटेलच्या प्रोसेसरची सहावी पिढी एचईव्हीसी वाचते, पण ८ बिटच (बिट जास्त, तितक्या रंगांच्या छटा बारीक). भाच्याचा फोन १० बिट लिहितो, त्याला सातवी लागते. मात्र विंडोज ११ ला कागदोपत्री आठवी पाहिजे आणि १० चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून आठवी घ्या. एव्ही१ नावाची आणखी नवी लिपी आहे, ती वाचायचा कप्पा अकराव्या पिढीपासून. "ती याला येत नाही, आत्ताच सांगतो. पण तुमच्या फुल एचडीपुरती प्रोसेसरचे सहा कोअर, म्हणजे सहा वाचणारे, मिळून लावतील." विकणाऱ्याने आपल्या मालात काय नाही ते आधी सांगावं, हे मी अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घेतानाही फारसं अनुभवलेलं नाही.

आठवीचंच घेऊन घरी आल्यावर तुम्ही सांगितलं होतं तसं टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी खिडकी) उघडून बघितलं. व्हिडिओ डीकोडची रेघ वर, प्रोसेसर निवांत. आधी तो शंभर टक्क्यांवर धापा टाकायचा.

दोन गोष्टी फोनवर विचारल्या, त्याही इथे लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडतील. नव्या व्हिडिओंमध्ये कुंकू फिकट, धुतल्यासारखं दिसत होतं. तो मशीनचा दोष नव्हता, भाच्याच्या फोनमध्ये एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त टिपणारी पद्धत) चालू होतं आणि आमच्या टीव्हीला ते समजत नाही. त्याला बंद करायला लावलं. दुसरं, आमच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटची डीव्हीडी करून घेतली होती, त्यात कुणी हललं की कडेला कंगव्याचे दात यायचे. मला वाटलं, आता याला कुठली चिप? तुम्ही म्हणालात, व्हीएलसीत डीइंटरलेस (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं नीट जुळवायची सोय) चालू करा. शून्य रुपये. ह्यांच्या मुंडावळ्या एकदम सरळ झाल्या.

आईचं काय चाललंय, ते सांगायचं राहिलं. तिने आता बारा-पंधरा वेळा तरी पाहिलं असेल. परवा औक्षण ऐन रंगात आलेलं असताना एकदम ओरडली, "थांबव, थांबव!" मी दचकले, म्हटलं पुन्हा अडकलं की काय. तर मागच्या रांगेतल्या एका मावशींकडे बोट. "ती अंजिरी साडी माझी आहे. आठ वर्षं शोधत्येय मी."

ते दोन जीबीचं कार्ड अजून खणात पडून आहे. तुमच्याकडे येणाऱ्या कुणाच्या जुन्या मशीनला नुसतं चित्र दिसण्यापुरतं चालणार असेल तर सांगा, गल्लीत आले की देऊन जाईन.

तुमच्या,
पेन ड्राइव्हवाल्या काकू