आपल्या शाळेत परत जाताना

प्रिय बंड्या,

तुझं पत्र वाचलं. इतिहासाचा मास्तर होऊन आपल्याच शाळेत परतायचं, हा विचार मला मनापासून आवडला. पण सुरुवात मुख्याध्यापकांना भेटून करू नकोस. माजी विद्यार्थी म्हणून ते चहा पाजतील, नोकरी त्यांच्या हातात नाही.

आधी जागा आहे का ते बघ. अनुदानित शाळेत किती शिक्षक ठेवायचे हे संचमान्यता ठरवते आणि ती 30 सप्टेंबरच्या पटावर होते. मुलांच्या आधार नोंदी जुळल्या नाहीत तर पट कागदावर घटतो, म्हणजे वर्ग भरलेला दिसतो पण पद गेलेलं असतं. पद शिल्लक असलं तरी दुसरीकडचा अतिरिक्त शिक्षक आधी तिथे सामावला जातो. त्यातून उरलं तर बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाची क्रमवार यादी. जागा कोणत्या प्रवर्गाची आहे ते तिथेच कळतं, आणि बहुतेकांची निराशा याच पायरीवर होते. म्हणून लिपिकाला गाठून विचार : सामाजिक शास्त्राचं पद रिक्त आहे का, कोणत्या इयत्तांसाठी, यादीतल्या कोणत्या बिंदूवर? तीनच प्रश्न, पण त्यावर तुझं वर्ष वाचेल किंवा वाया जाईल.

सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर लागतो. 150 प्रश्न, 150 गुण, वेळ अडीच तास. त्यात सामाजिक शास्त्राचे 60, उरलेले 90 बालमानसशास्त्र आणि दोन भाषांचे, प्रत्येकी 30. खुल्या गटाला 60 टक्के हवेत, म्हणजे 90. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल कोरा सोडू नकोस. इतिहासवाले पडतात ते इतिहासात नाही, बालमानसशास्त्रात. नववी-दहावीला पदवीचा विषय आणि बी.एड. बघतात. टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मात्र दोन्हीकडे आहेच : 200 प्रश्न, 120 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 36 सेकंद. त्यात इतिहास जवळजवळ नाहीच. 120 प्रश्न अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे. घड्याळ लावून सराव केल्याशिवाय पेपर पुरा होत नाही. ही परीक्षा 2017, 2023 आणि 2025 अशी झाली, यावरून हुकली तर किती थांबावं लागतं ते समज.

पुढे पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ. तिथली माहिती स्वप्रमाणित करावी लागते, आणि पदवीचा विषय किंवा बी.एड.ची अध्यापन पद्धत (म्हणजे शिकवायला घेतलेला विषय) चुकीची भरली की पुढे सगळं अडतं. खासगी संस्था मुलाखतीसह किंवा मुलाखतीशिवाय भरती निवडते. आपली संस्था मुलाखतीसह गेली असेल तर तुझी ओळख तिथे थोडीफार कामाला येईल, त्याआधी नाही. प्राधान्यक्रम भरलास की लॉक करायला विसरू नकोस. आणखी एक : नेमणूक संस्था देते. तिच्या चार शाळा असतील तर चौथ्या गावी जायची तयारी ठेव. पोर्टल टाळून ‘आतून करून देतो’ म्हणणारा भेटलाच तर लांबूनच नमस्कार कर. (अल्पसंख्याक संस्थांचं गणित वेगळं, आपली शाळा त्यात नाही.)

निवड झाली की तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकला महिना 18,000 रुपये मानधन. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी (शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी प्रणालीतला क्रमांक) मिळेपर्यंत तेही हातात पडत नाही, तेव्हा काही महिन्यांचा घरखर्च बाजूला काढूनच रुजू हो.

आता मजेच्या भागाकडे येतो. आपल्या वेळचा सनावळ्यांचा इतिहास डोक्यातून काढ. दहावीच्या पहिल्याच पाठात व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको असे इतिहास कसा लिहावा यावर बोलणारे युरोपातले विचारवंत एकापाठोपाठ येतात आणि पोरं गांगरतात. पुढे खेळ, पर्यटन, प्रसारमाध्यमं. पेपर 40 गुणांचा, त्यात इतिहासाला 28 आणि राज्यशास्त्राला 12. रांके कागदपत्रांवर का अडून बसतो हे फळ्यावर समजावू नकोस, कपाटातलं जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची नोंदवही, काढ.

त्यात काय नाही! जन्मस्थळ, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घे. नावं, जाती गाळून वीसेक नोंदी स्वतः उतरवून ने. मूळ वही पोरांच्या हाती द्यायची नाही. एका गटाला 1971 ते 1974 दे आणि दुष्काळात किती जणांनी शाळा सोडली ते मोजायला सांग. दुसऱ्याला दर दशकातल्या मुलींचा आकडा. तिसऱ्याला फक्त जन्मतारखा. 1 जूनची इतकी गर्दी दिसेल की पोरं हसत सुटतील. खरी तारीख आईबापांना ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये भरे, गुरुजी 1 जून लिहून मोकळे होत. अस्सल, सही-शिक्क्याचा कागदही खोटं बोलतो, हे त्यांना तिथे दिसतं. ‘कारण’ या रकान्यावरही आंधळा विश्वास नको. ‘घरगुती अडचण’ या दोन शब्दांत लग्न, कर्ज, ऊसतोड, काहीही मावतं. म्हणून गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारायला पोरांना धाड आणि दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी लिहून घे.

1950 च्या आधीची पानं असतील तर एखादी नोंद मोडीतही निघेल. वाचता येत नसेल तर अंदाजाने लावू नकोस, जाणकाराला दाखव. फाटल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, कालांतराने डाग पडतो आणि शाई उचकटते. लॅमिनेशनचं तर नावच काढू नकोस.

टाचणवही, बदली तास, निवडणुकीची कामं यात पहिली सहामाही कशी जाते कळणारही नाही. रजिस्टरचं काम दिवाळीनंतर घे, पण दहावीला नको, नववीला कर, म्हणजे पुढच्या वर्षी रांके आला की पोरं गांगरणार नाहीत.

तूर्त एवढंच कर : बी.एड.च्या गुणपत्रिकेवर दोन अध्यापन पद्धती नेमक्या कोणत्या शब्दांत छापल्या आहेत ते बघून कळव. अर्ज त्या शब्दांवर अडतो.

तुझा,
नाना