टाकीला चीर पडल्यावर

प्रिय मित्रा,

तुझा धाकटा दवाखान्यातून घरी आला हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण वजन उतरवायला घेतलेल्या डायनायट्रोफिनॉलच्या कॅप्सूलनेच हे झालं, तरी तो अजून म्हणतो की "थोडी घेतली तर काय होतं, चरबी तर जळतेच ना", हे तू सांगितलंस आणि माझी झोप उडाली. फोनवर मी नुसताच ओरडलो. आता नीट लिहितो, म्हणजे तुला त्याला पटवता येईल.

आपल्या होस्टेलच्या गच्चीवरची टाकी आठव: मोटर पाणी वर चढवायची, ते उतरून नळाला यायचं. पेशीतल्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात), म्हणजे तिच्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात, तसंच चालतं. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एन्झाइमांच्या साखळीतून जातात, तीच इथली मोटर; त्यांच्या जोरावर प्रोटॉन आतल्या पटलापलीकडे चढवले जातात. ते परत उतरताना एक चाक फिरवतात आणि त्या फिरण्यावर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतो. पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ साली हे मांडलं तेव्हा बहुतेकांना पटलं नाही. १९७८ साली त्याला यासाठीच नोबेल मिळालं.

सायनाइड मोटरच बंद पाडतं. साखळीतल्या शेवटच्या एन्झाइमला ते चिकटतं, मग रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही. रोटेनोन हे कीटकनाशक साखळीच्या पहिल्याच पायरीवर अडवतं, ऑलिगोमायसिन हे प्रतिजैविक ते चाकच अडकवतं. पोराच्या कॅप्सूलमधलं डायनायट्रोफिनॉल मात्र काहीच बंद पाडत नाही. ते टाकीला चीर पाडतं. त्याचा रेणू प्रोटॉन उचलतो, पटलातून आरपार जातो, पलीकडे सोडतो आणि पुन्हा परत येतो. आपल्या टाकीला दुसऱ्या वर्षी तळाशी चीर गेली होती बघ. मोटर रात्रभर घुरघुरायची, हात लावला तर चटका बसायचा, आणि सकाळी नळाला थेंब नाही. चरबी जळते हे खरं, पण एटीपीऐवजी नुसती उष्णता निघते.

तान्ह्या बाळाची तपकिरी चरबी अशीच ऊब देते, पण ती चीर कधी उघडायची आणि कधी मिटायची हे शरीर ठरवतं. इथे ते कुणाच्याच हातात नाही. हा ताप मेंदूने चढवलेला नसतो, म्हणून पॅरासिटामॉलने उतरत नाही. सायनाइडवर निदान उतारा आहे, यावर नाही. डॉक्टरांनी बर्फाच्या पिशव्या का लावल्या होत्या, ते आता तुझ्या लक्षात येईल.

हे काही नवं औषध नव्हे. १९३३ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला ते वापरलं आणि अमेरिकेत हजारोंनी घेतलं. काहींना ऐन तारुण्यात मोतीबिंदू झाला, काही अंग तापून दगावले. १९३८ साली तिथे ते माणसाच्या पोटात जाण्याजोगं नाही असं ठरलं. इतकं माहीत असताना आज कुणी ते पोरांच्या हातात देतं, याचा मला संताप येतो.

रविवारी सकाळच्या एसटीने येतोय. त्याला रागावू नकोस, माझ्यासाठी घरी थांबायला सांग. उरलेल्या कॅप्सूल आणि डबी लेबलासकट कपाटात कुलूप लावून ठेव, डॉक्टरांना दाखवायच्या आहेत. आणि पुन्हा घाम फुटला, धाप लागली, तर माझ्या फोनची वाट पाहू नकोस. सरळ दवाखाना गाठ.

तुझाच

(तुझा जुना रूममेट)