ओवीचे आजोबा आणि डायरीतला शेरा

नाशिक,
रविवार

प्रिय सुमे,

आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. पण पत्राचं कारण वेगळंच आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

ओवीच्या बालवर्गातून डायरीत शेरा आलाय: ‘स्केचपेन बंद करा. रेषेबाहेर जाते. अक्षरं गिरवून घ्या.’ सोबत तिनं काढलेले आजोबा परत आले. मोठा गोल, त्यात डोळे, गोलातूनच निघालेले दोन लांब पाय आणि पायांहून उंच काठी. शेजारी ‘अपूर्ण’! अगं, पोर अजून चारची नाही. या वयात बहुतेक मुलांची माणसं अशीच असतात, डोक्याला थेट पाय. रोडा केलॉगबाईंनी मुलांची दहा लाखांच्या आसपास चित्रं जमवून रेघोट्यांचे २० मूळ प्रकार सांगितले, ते मी तुझ्याच वहीतून उतरवलं होतं. (वही परत दिली होती. शैला साक्षीदार आहे, उगाच पुन्हा सुरू करू नकोस.)

काल तिच्याजवळ नुसती बसून राहिले. टोपण काढताना एका हातानं पेन धरायचं, दुसऱ्यानं ओढायचं. लावताना ‘टक्’ होईपर्यंत दाबायचं. दोन हातांना दोन कामं! खडूला जोर लागतो; स्केचपेन नुसता टेकवला तरी ठसठशीत रेघ उमटते आणि ही आपण काढली हे तिला लगेच दिसतं. निळ्यावर पिवळा फिरवला, हिरवट झालं, पिवळ्याचं टोक मळलं. तर बाईसाहेबांनी रद्दी कागदावर घासून घासून ते साफ केलं! कुणी शिकवलं नव्हतं. आणि गोल काढताना हात सावकाश फिरवत, जिथून निघाली तिथेच नेऊन टेकवला. हाच हात पुढे ‘ठ’ काढणार ना? बोटांच्या ताकदीला खडू, माती, कणकेचा गोळा हवाच, तो मी देतेच. त्यासाठी स्केचपेन कशाला हिसकावायचे?

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी काढली आणि आपण अजून इथेच! त्यांचं काम पुढे जिथे गेलं, त्या कोसबाडहून परतताना एसटीत तू काय तावातावानं बोलली होतीस, आठवतं? तेच मला आत्ता हवंय.

तुझ्या बदलीचं काय झालं? भाऊजींचं बीपी? चिनूला पास झाल्याबद्दल शाबासकी सांग.

मंगळवारी बाईंना भेटायचंय. भांडणार नाही, पण चित्र घेऊन जाणार. त्याआधी फोन कर, काय बोलायचं ते ठरवू.

तुझी,
मीना