शेख महंमदांचा अभंग मी गाळला

बेळगाव,
आषाढ वद्य तृतीया

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

चार महिने मी तुला पत्र लिहिले नाही, तुझे दोन फोनही घेतले नाहीत. रागावला असशील तर ते योग्यच आहे. माझी साखर आटोक्यात आहे, आवाज ठीक आहे. आज लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी, जी तुझ्यावाचून कोणाला कळणार नाही.

एकादशीला इथल्या एका मंडळाने माझे अभंगगायन ठेवले होते. यादी नेहमीचीच होती: ज्ञानोबा, नामदेव, नाथ, तुकोबा, मध्ये कबीरांचे एक निर्गुणी भजन आणि शेवटी भैरवीत मुसलमान संतकवी शेख महंमदांचा, बुवांनी आपल्या दोघांना एकाच पावसाळ्यात शिकवलेला तो अभंग. आदल्या संध्याकाळी कार्यवाह घरी आले, चहा घेतला आणि फार गोड शब्दांत म्हणाले, "बाकी सगळं राहू दे, एवढं एक नाव तेवढं नको." मी हो म्हणालो. त्यांना दुसऱ्यांदा सांगावेसुद्धा लागले नाही, आणि तेच मला आठ दिवस खाते आहे.

मैफल रंगली. भैरवीच्या आधी बुवांचा तानपुरा पुन्हा मिळवायला घेतला. गेल्याच महिन्यात मिरजेहून घोडी घासून, जवारी लावून आणला आहे. घोडीवरचा सुताचा धागा केसभर सरकवला आणि खर्ज असा बोलू लागला, की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. त्या सुरावर मी भलताच अभंग म्हटला.

कार्यवाहांना मला सांगता आले असते, की शेख महंमदांचे गुरू सूफी परंपरेतले चांद बोधले, आणि नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही त्यांचेच शिष्य मानले जातात. मग एकाला ठेवून दुसऱ्याला कसे गाळायचे? किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले, आणि तिथल्या उरुसात आपण दोघे रात्रभर मांडी न मोडता बसलो होतो. हे सगळे मला माहीत होते आणि त्यातले एक अक्षर तोंडातून निघाले नाही.

कुमार गंधर्वांच्या जन्मगावाहून, सुळेभावीहून परत येताना आपण बसमध्ये भांडलो होतो, आठवते? निर्गुणी भजनात ताना घालणे म्हणजे भाकरीवर बासुंदी ओतणे, असे तू म्हणालास आणि सगळी बस हसली. देवासला अंथरुणाला खिळलेल्या कुमारजींनी नाथपंथी जोग्यांकडून जे ऐकले, त्यातला एकटेपणा माझ्या ताना पुसून टाकतात, हे तुझे म्हणणे मला आता पूर्ण मान्य आहे. पण त्या एका तानेसाठी मी तुझ्याशी आठ दिवस अबोला धरला होता. आणि सबंध अभंगासाठी मला अर्धा मिनिट उभे राहता आले नाही. बुवा असते, तर रागावले नसते. तानपुऱ्याला गवसणी घालून आत निघून गेले असते.

वहिनींचे गुडघे आता कसे आहेत? धाकटीला धारवाडला प्रवेश मिळाला का, तेही कळव.

त्याच मंडळाने कार्तिकीलाही बोलावले आहे. या वेळी तो अभंग यादीत पहिला लिहिणार आहे. नको म्हणाले, तर तिथे गाणार नाही. पण माझी वही गेल्या पावसात भिजली आणि दुसऱ्या कडव्यात बुवा कोमल धैवतावरून कसे उतरत, ते मला नेमके सापडत नाही. स्वरलेखन पाठवू नकोस. रविवारी रात्री नऊनंतर फोन करतो, तेवढे म्हणून दाखव.

तुझाच