सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर सोडा

महोदय,

पुण्यात सायकलला घासून जाणाऱ्या चालकांसाठी एक साधा हिशेब. सायकलचं हँडल साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतं. खड्डा किंवा ड्रेनेजचं खचलेलं झाकण चुकवताना सायकल सहज फूटभर उजवीकडे येते. हँडलपासून अर्धाच मीटर सोडून जाणाऱ्यापाशी मग जेमतेम वीतभर जागा उरते. बस-ट्रकचा हवेचा लोट तर आधी बाहेर ढकलतो आणि गाडी पुढे सरकली की आत ओढतो, म्हणजे थेट मागच्या चाकांकडे.

जर्मनीने २०२० साली शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर नियमातच लिहिलं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये नियमबाह्य ओव्हरटेकिंग येतं, पण मीटरचा आकडा नाही. हवालदार मोजणार काय?

समोरून वाहन येत असेल तर सायकलच्या मागेच राहावं, तेही हॉर्न न वाजवता. पुढे गेल्यावर डाव्या आरशात सायकल पूर्ण दिसल्याशिवाय डावीकडे वळू नये. सायकलस्वारांनीही कडेच्या मातीत शिरू नये. कडेपासून मीटरभर आत चालवावं, अरुंद पुलावर सरळ लेनच्या मधोमध (शिव्या पडतील, पडू द्याव्यात). कडेला चिकटलं की मागच्याला वाटतं, ‘मावेल आपली गाडी’.

आणि महापालिकेने डांबराचा नवा थर टाकताना झाकणं रस्त्याच्या पातळीला आणावीत.

— एक सायकलस्वार, पुणे