रूळ आधी, टॉवर नंतर: रेल्वेमंत्र्यांना बदलापूरहून खुले पत्र

मा. रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी बदलापूरला राहते आणि गेली बावीस वर्षे भायखळ्यापर्यंतचा पास काढते. पत्र लिहायला बसले ते एका चांगल्या बातमीमुळे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बदलापूर ते कर्जत तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला मंजुरी दिली. 32 किलोमीटरचे हे काम आम्ही कित्येक वर्षे मागत होतो. त्याबद्दल आपले मनापासून आभार. पण मंजुरी आणि पहिली गाडी यांच्यामध्ये किती वर्षे जातात, हे आम्ही ठाणे-दिवा मार्गावर पाहिले आहे. तिथली पाचवी-सहावी मार्गिका मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे एमयूटीपी 2 मध्ये, 2008 साली मंजूर झाली आणि 18 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झाली. त्या चौदा वर्षांत माझी मुलगी बालवाडीतून कॉलेजात गेली. म्हणून आभार मानून थांबावेसे वाटत नाही.

आधी आमच्या सकाळी काय होते ते सांगते, कारण नकाशावर ते दिसत नाही.

बदलापूरहून सुटणारी लोकल रिकामी मिळायला हवी, कारण ती इथूनच निघते. पण मुंबईकडून येणारी ती गाडी फलाटाला लागते तेव्हाच आत बायका बसलेल्या असतात. त्या अंबरनाथच्या असतात, काही तर उल्हासनगरच्या. त्यांच्या स्टेशनवर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून त्या उलट्या दिशेने बदलापूरला येतात आणि त्याच गाडीने बसून परत जातात. आमच्या भाषेत याला ‘डाउन करून येणे’ म्हणतात. त्यासाठी त्या घरातून अर्धा-पाऊण तास लवकर निघतात आणि पासही बदलापूरपर्यंतचा काढतात. मग फलाटावर उभ्या असलेल्या बदलापूरच्या बायका चिडतात. ‘आमच्या गावच्या गाडीत आम्हीच उभ्या?’ यावरून रोज बाचाबाची होते, कधी हातघाईवरही येते.

मी दोन्ही बाजूंनी भांडले आहे. लग्नानंतर पहिली तीन वर्षे अंबरनाथला होते, तेव्हा मीही डाउन करून यायची. गेल्या पावसाळ्यातली एक सकाळ मात्र डोक्यातून जात नाही. समोरच्या बाकावर चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकाच्या टोकाला जेमतेम टेकून, सहा-सात महिन्यांची गरोदर मुलगी बसली होती. अंबरनाथहून डाउन करून आलेली. तिच्या पुढ्यात बदलापूरच्या एक साठीच्या बाई उभ्या होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. दोघी एकमेकींकडे पाहत होत्या आणि दोघींनाही कळत होते की बसण्याचा हक्क दोघींचाही आहे. कळव्यापर्यंत कोणी काही बोलले नाही. मग ती मुलगी म्हणाली, ‘काकू, ठाण्यापासून तुम्ही बसा, मी जरा उभी राहते.’ काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि नको म्हणून मान हलवली.

साहेब, ही भांडणे बायकांच्या स्वभावाची नाहीत. ती दोन रुळांच्या जोडीची आहेत. कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत सहा मार्गिका आहेत. कल्याण सोडले की कर्जतच्या दिशेने उरतात दोन, एक जायला आणि एक यायला. याच दोन रुळांवरून आमच्या लोकल धावतात, पुणे-सोलापूरकडच्या आणि दक्षिणेकडच्या मेल-एक्स्प्रेस धावतात, मालगाड्याही धावतात. पुढे कर्जत ते लोणावळा घाटात तीन मार्गिका आहेत. म्हणजे डोंगर फोडून तीन, आणि सपाटीवर, जिथे लाखो माणसे राहतात, तिथे दोन. लांब पल्ल्याची गाडी पुढे काढायची तर लोकलला सिग्नलला थांबावेच लागते. यात मोटरमनचा दोष नाही की स्टेशन मास्तरांचा नाही. तीन गाड्यांचे काम एका रुळावर आले की कोणीतरी थांबणारच, आणि थांबते ती लोकल.

दरम्यान गाव वाढत गेले. जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये लाखाच्या आत होती, 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, पण गच्चीवर उभे राहिले की मोजायची गरज उरत नाही. पूर्वेला मी राहायला आले तेव्हा समोर भातशेती होती, आज तिथे वीस-वीस मजली इमारती आहेत. प्रत्येक इमारतीच्या जाहिरातीत एकच वाक्य असते: ‘रेल्वे स्टेशन पाच मिनिटांवर.’ बिल्डर रेल्वे विकतो, रूळ मात्र तेवढेच राहतात.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा झाला पाहिजे. आज इमारतीला परवानगी देताना पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार, रस्ता किती रुंद, हे विचारतात. त्या घरांतली माणसे सकाळी कुठल्या लोकलमध्ये चढणार, हे कोणीच विचारत नाही. नगररचना राज्याच्या हातात आहे आणि रेल्वे केंद्राच्या, हे मला ठाऊक आहे. पण या दोघांना एका टेबलावर बसवण्यासाठीच तर 1999 मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ उभे राहिले. त्यात 51 टक्के वाटा रेल्वेचा आहे आणि 49 टक्के महाराष्ट्र सरकारचा. मग त्याच टेबलावर हेही ठरवता येईल की कल्याणपलीकडच्या कुठल्या पट्ट्यात कोणत्या वर्षी किती गाड्या वाढणार, आणि त्या हिशेबानेच तिथे मोठ्या वसाहतींना परवानगी मिळेल. आपण केंद्राच्या बाजूने हा प्रस्ताव मांडलात तर राज्याला तो टाळता येणार नाही.

मुंब्र्याची गोष्ट काढायला हात जड होतो. 9 जून 2025, सोमवार सकाळ. वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत होत्या आणि दारात लटकलेली माणसे एकमेकांना घासून खाली पडली. चार जणांचा त्या दिवशी जीव गेला. त्यातली एक गाडी कर्जतहून आलेली होती, म्हणजे आमच्या स्टेशनवरून गेलेली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीत प्रत्येक घरातून कोणी ना कोणी फोन लावत होते.

त्यानंतर नॉन एसी लोकलनाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. दारे बंद व्हावीत असे मलाही वाटते. माझा नवरा वीस वर्षे दारात उभा राहून गेला आहे, त्या काळजीचे वजन मला माहीत आहे. पण दार बंद करायला आधी माणसे आत मावायला हवीत. आज जे बाहेर लटकतात त्यांच्यासाठी आत जागा नसते. दार बंद झाले की ती माणसे फलाटावरच राहतील. त्यांच्यासाठी पाच मिनिटांनी दुसरी गाडी हवी, आणि त्या गाडीला रूळ हवा. दारांची घोषणा आणि मार्गिकांचे वेळापत्रक ही एकाच कामाची दोन टोके आहेत. एकामागून एक नाही, ती सोबतच आली पाहिजेत.

आता या वेळापत्रकाबद्दल.

कल्याण ते बदलापूर ही 14 किलोमीटरची तिसरी-चौथी मार्गिका एमयूटीपी 3 ए मध्ये आहे. मंत्रिमंडळाची मंजुरी मार्च 2019 ची. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली हे नवे स्टेशनही त्याच कामात येते. हा तुकडा आधी पूर्ण झाला पाहिजे. नाहीतर बदलापूर-कर्जतचे नवे रूळ येऊन पुन्हा त्याच दोन रुळांच्या नरड्यात अडकतील. आणि तोही झाला तरी कल्याणचे यार्ड उरतेच. तिथे कर्जतकडची आणि कसाऱ्याकडची वाट एकत्र येते, लोकल आणि मेल एकमेकींचा रस्ता कापतात. यार्डाची नवी रचना आणि या दोन मार्गिका एकाच हिशेबात धरल्या नाहीत तर खर्च होऊनही आमची गाडी पत्रीपुलाजवळ उभीच राहील. मुंबईच्या टोकाला कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी मार्गिका अजून राहिली आहे, तिचेही तेच.

मार्गिका होईपर्यंत एक काम लवकर होऊ शकते. मध्य रेल्वेवर 15 डब्यांची लोकल 2012 पासून धावते. तीन डबे वाढले की गाडीत पाव पटीने जास्त माणसे मावतात, आणि त्यासाठी नवा रूळ लागत नाही. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी या सगळ्या फलाटांची लांबी त्या गाडीला पुरेल इतकी करून घ्यावी. बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्या 15 डब्यांच्या झाल्या तर त्या गरोदर मुलीला उलटे यावे लागणार नाही.

पावसाचेही बोलले पाहिजे. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती. हजारच्या वर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. नवे रूळ याच उल्हास नदीच्या खोऱ्यातून जाणार आहेत. भराव उंच करून रूळ वाचतील, पण त्या भरावामागे पाणी तुंबले तर ते आमच्या घरांत शिरेल. पाणी जायला मोऱ्या आणि पूल किती रुंद ठेवणार, हे ठरवताना इथल्या शेतकऱ्यांना बोलवा. नदी कुठून वळते आणि कुठल्या वर्षी कुठल्या बांधापर्यंत आली होती, हे त्यांना तोंडपाठ आहे.

पनवेल-कर्जत या नव्या लोकल मार्गाबद्दल आम्हाला आनंदच आहे. वावर्ल्याचा 2,625 मीटरचा बोगदा खोदून झाला, हे मोठे काम आहे. पण ती लोकल सुरू होताच चौक, मोहोपे, चिखलेच्या आजूबाजूला दहा वर्षांत दुसरे बदलापूर उभे राहील. तिथली शेते आज मोकळी आहेत. स्टेशनाबाहेर रिक्षा-बसला जागा, रुंद जिने, पुढच्या दोन मार्गिकांसाठी जमीन हे सगळे आत्ताच राखून ठेवावे. आमच्याकडे स्टेशनाला लागून दुकाने आणि इमारती उभ्या राहिल्या, आता एक जिना रुंद करायचा तरी जागा मिळत नाही. मोहोप्याच्या मुलींना तरी हे भोगायला लागू नये.

शेवटी एक छोटी मागणी. बदलापूरच्या फलाटावर एक फलक लावून घ्या. कल्याण-बदलापूर आणि बदलापूर-कर्जत मार्गिकांची किती जमीन ताब्यात आली, किती पूल झाले, काम कशामुळे अडले आहे आणि गाडी कोणत्या महिन्यात धावणार, हे त्यावर मराठीत लिहा आणि दर महिन्याला बदला. तारीख पुढे गेली तर ती का गेली तेही लिहा. आम्ही रोज सकाळी तिथे उभ्याच असतो. इंडिकेटरच्या आधी तो फलक वाचू.

आपली नम्र,
बदलापूरची एक पासधारक प्रवासी