शेवळं बारमाही मिळत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ऋतूनुसार खाण्यावरचा लेख वाचला. रात्रभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून सकाळी चहा झाल्याबरोबर लिहायला बसले आहे. लेखिकेचं म्हणणं असं, की आता सगळं बारमाही मिळतं, तेव्हा ऋतूप्रमाणे खाणं ही मागच्या पिढ्यांची अडचण होती आणि तिचे गोडवे गाणं पुरे. मटाराबद्दल ते खरं आहे. फ्रीजरमधले मटार मीही आणते. तीस वर्षं नोकरी करून घर सांभाळलेल्या बाईला सोललेले मटार हाताशी असणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. पण ‘सगळं’ मिळतं हे साफ चुकीचं आहे. बारा महिने मिळतात ती तीच पंधरा-वीस नावं. जे बारा महिने मिळू शकत नाही, ते आता त्याच्या हंगामातसुद्धा मिळेनासं झालंय.

शेवळं या रानभाजीचंच बघा. वळवाच्या दोन सरी पडल्या की शहापूर-कसाऱ्याकडच्या रानात ती जमिनीतून वर येतात. पान फुटायच्या आधी नुसता फुलाचा दांडा. तीन-चार आठवडे, की संपलं.

आमच्या इमारतीच्या फाटकाशी आटगावकडची एक मावशी बसायची. वीस वर्षं तरी बसली असेल. पहाटेची कसारा लोकल धरून यायची, पाट्या उतरवायची आणि सागाच्या पानांवर जुड्या मांडायची. प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं, म्हणजे भाजीत घालायची आंबट रानफळं, द्यायची, न मागता. नवीन सून दिसली की तिला समोर बसवून एक शेवळ सोलून दाखवायची: हे वरचं काढायचं, आतल्या दांड्याचा हा पिवळा भाग कापून टाकायचा, हाताला आधी तेल लावायचं. शेवळं सरली की टाकळा, मग कुर्डू, फोडशी, भारंगी आणि पुढे कंटोळी. तिच्या पाटीत काय आहे त्यावरून पाऊस कुठवर आलाय ते आम्हाला कळायचं.

गेल्या वर्षी मे महिन्यात सोसायटीच्या कमिटीने ती बसायची नेमक्या त्या जागी सिमेंटच्या सहा कुंड्या आणून ठेवल्या. त्यांत शोभेची झाडं लावली. मी मीटिंगमध्ये हरकत घेतली, तर उत्तर मिळालं, ‘काकू, भाजी ॲपवर दहा मिनिटांत येते, फाटकाशी बाजार कशाला?’ मी तिथेच फोन काढून ‘शेवळं’ शोधलं आणि सगळ्यांना दाखवलं. समोर आल्या शेवग्याच्या शेंगा. दोघं-तिघं हसले आणि विषय पार्किंगवर गेला. मला आजही त्याचा राग आहे. त्या जूनमध्ये मावशी दोनदा येऊन फाटकासमोर उभी राहून गेली, असं वॉचमनने नंतर सांगितलं. यंदा ती आलेलीच नाही. माझ्या सासूबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. मृग लागला की रोज सकाळी विचारतात, ‘आली का गं शेवळंवाली?’ त्यांना मी काय सांगू?

सरकारचा कृषी विभाग दरवर्षी रानभाजी महोत्सव भरवतो, तो ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास. चांगलीच गोष्ट आहे, मी जाऊनही आले आहे. पण तोवर शेवळं संपून महिना होऊन गेलेला असतो. रोज पहाटे पाटी घेऊन येणाऱ्या बाईला एक दिवसाचा मंडप पुरत नाही. तिला चार महिने बसायला चार फूट जागा लागते.

लेखात माशांचाही उल्लेख आहे, ‘पावसाळ्यातही ताजं पापलेट घरपोच’ असा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे. मग जुलैतलं ते पापलेट एक तर बर्फातलं किंवा पूर्व किनाऱ्यावरचं असणार, कारण तिकडची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला उठते. खाणाऱ्याने खावं, पण ताजं म्हणून विकू नये आणि वर्तमानपत्राने तर तसं छापूच नये. याच पापलेटला २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर केलं आहे. आमच्या घरी मे महिन्यातच सोडे (सुकी कोळंबी), सुकट, बोंबील डब्यांत भरले जायचे आणि बंदीचे ते दोन महिने कुणाला जड गेलेले मला आठवत नाहीत. शेवळात सोडे घालायचे ते काय उगाच? दोन्हीचा महिना एकच.

आता जे अगदी राहवत नाही ते. लेखाशेजारच्या चौकटीत शेवळाच्या भाजीची कृती दिली आहे आणि तिच्यात आंबट काहीच नाही. काकडं नाहीत, चिंच नाही, आमसूलही नाही. पिवळा भाग काढायचा, हेही लिहिलेलं नाही. शेवळ हे सुरणाच्या जातीतलं आहे. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. शेवळं तेलावर चांगली परतायची आणि काकडांचा रस घालूनच शिजवायची, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक होतं. तुमच्या कृतीने केलेली भाजी खाऊन माणसाचा घसा सुजेल आणि तो पुन्हा शेवळाला हात लावणार नाही. आणि ‘टाकळा’ म्हणून छापलेला फोटो मेथीच्या जुडीचा आहे. कोवळा टाकळा मेथीसारखा दिसतो हे मान्य, पण मेथीची मुळं आणि मातीसकट बांधलेली जुडी कुणालाही ओळखू येते. रानभाजीच्या बाबतीत ओळख चुकली तर ते पोटावर बेततं, एवढी काळजी घ्यायला हवी होती.

कृतीची दुरुस्ती कृपा करून उद्याच्याच अंकात, त्याच चौकटीत छापा. रविवारपर्यंत थांबू नका. ठाणे स्टेशनबाहेर परवा मी शेवळं पाहिली आहेत, म्हणजे तुमचा अंक वाचून आज कुणीतरी ती घरी नेली असतील.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)